उस्मान मास्तरांचे रंग

हॉलिवूडच्या एकाही नटाचं नाव उस्मान मास्तरांना सांगता येत नाही. मापं मात्र तोंडपाठ.

“तो तिरक्या टोपीवाला, साहेब. खांदा सव्वासतरा. डावा जरा उतरता. पण शिंप्याने आतून असा भरलाय की बायकोलाही कळायचं नाही!”

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे, आणि पडद्यामागे त्यांचं घर. माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवला, थेट त्या टोपीवाल्याच्या कटचा. फोटोत सूट नटासारखा दिसतो आणि मी त्याच्या बॅगा उचलणारा. तक्रार केली तर मास्तर म्हणाले, “सूटची जबाबदारी माझी. आत कोण उभं राहणार, ते तुमच्या घरच्यांनी बघायचं.”

इंग्रजी त्यांना येत नाही. सिनेमात नायक मरायला टेकला, बायका डोळे पुसू लागल्या, की हे पुढे वाकून म्हणणार, “पडला तरी कॉलर जागची हलली नाही, बघा!” मागून कोणीतरी “शूऽऽ” करणार. त्यांना आवडतात ते फक्त जुने, काळे-पांढरे सिनेमे. “रंग आला की कट लपतो,” हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला माप देता देता ऐकावंच लागतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं : “कापड खोटं बोलत नाही.”

एका रविवारी कॅम्पातल्या थिएटरात सकाळच्या खेळाला असाच एक जुना सिनेमा होता. मास्तरांनी मला बरोबर नेलं. परतताना बसमध्ये त्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, “साहेब, तुम्हाला लोकांना दुरुस्त करायची खोड आहे.”

खोटं नव्हतं. वाढदिवसाच्या केकवरचं शुद्धलेखन तपासणारा माणूस मी.

“आज घरी तेवढी सुट्टी द्या. साखरेनं हिची नजर गेल्यापासून सिनेमा मी येऊन सांगतो. ती रंग विचारते.”

“पण सिनेमात तर...”

“तेच म्हणतोय. राखाडी, राखाडी किती वेळा सांगू? म्हणून मीच रंग घालतो. ते खोटे आहेत हे कळलं, तर तिला परत अंधारच की हो.”

घरी भाभी चाचपत बटणं निवडत बसल्या होत्या. मास्तरांनी उभ्या उभ्या अख्खा सिनेमा सांगितला. कथा दोन मिनिटांत, कपडे अर्धा तास. नायिका जिन्यावरून उतरते तो झगा डाळिंबी झाला. भांडणाच्या वेळी मोरपंखी. स्टेशनवर निरोप घेताना फिकट अबोली. मी जीभ दाताखाली धरून बसलो होतो.

मास्तर चहा टाकायला आत वळले आणि भाभींनी तोंड माझ्याकडे केलं.

“साहेब, तुम्ही सांगा. स्टेशनवरचा झगा खरंच अबोली होता?”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“अबोलीच, भाभी,” मी म्हणालो. आणि थांबायचं तिथे थांबलो असतो तर मी कसला? “खाली बारीक जरीकाठ होता.”

भाभींनी तोंडावर पदर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या. आत पुन्हा भांडी वाजू लागली, तेव्हा हळूच म्हणाल्या, “रंग आला की कट लपतो, असं हे दिवसभर गिऱ्हाइकांना सांगतात. आणि मी पडद्याच्या या बाजूला असते, साहेब. नजर गेलीय, कान नाहीत.”

“मग विचारता कशाला?”

“नजर गेली तेव्हा हे सहा महिने सिनेमाला गेलेच नाहीत. इथेच बसून राहायचे, माझा हात धरून. मग एकदा मीच म्हटलं, जाऊन या, मला रंग सांगायला.” त्यांनी एक बटण बोटांनी चाचपून डब्यात टाकलं. “तुम्ही बोलू नका हं काही. परत जायचे नाहीत.”

तेवढ्यात मास्तर चहा घेऊन आले. कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला.

“झग्याला जरीकाठ?” ते कडाडले. “काय साहेब! माझी नाही, तर निदान त्या बाईची तरी अब्रू ठेवायची!”

“चुकलं, मास्तर,” मी म्हणालो.

“रंग मात्र बरोबर सांगितला हं त्यांनी,” भाभी म्हणाल्या आणि चहासाठी हात पुढे केला.