पाटीचे दोन स्क्रू

दुपारी एक वाजता पनवेलच्या वाचनालयाच्या सभागृहातला मिक्सर घशात काही अडकावे तसा खरखरला, त्याचा हिरवा दिवा क्षीण होत होत विझला, आणि ग्रंथपाल कृष्णकांत यांच्या तोंडचे पाणी पळाले. सोळा माइकांचे आवाज एकवटणारे ते टेबलाएवढे जुने यंत्र. पाच वाजता अध्यक्ष दाजी यांच्या मातोश्री हौसाबाई यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम होता. गेल्याच बैठकीत दाजींनी बजावले होते की, पुन्हा आवाज बसला तर सभागृह लग्नकार्यांना चालवायला द्यायचे आणि शेजारची पुस्तकांची खोली खुर्च्या रचायला रिकामी करायची. अकरा हजार ग्रंथांचा असा निकाल लागत असताना कार्यकारिणीतल्या सहा पदवीधरांनी माना डोलावल्या होत्या. त्यांपैकी पाचांनी दहा वर्षांत एकही पुस्तक नेले नव्हते. सहाव्याने नेलेले परत आणले नव्हते.

मिक्सरची देखभाल करणारा मोहसीन त्या दिवशी करंजा गावात लग्नाच्या मांडवात स्पीकर बांधत होता. लक्षणे ऐकताच त्याने फोनवर निदान केले : पॉवर सप्लाय गेला, म्हणजे मिक्सरच्या पाठीत बसणारी, त्याला वीज पुरवणारी पेटी. गेला महिनाभर येणारी घरघर ऐकून त्याने दुसरा आणूनच ठेवला होता. तो दुकानातून रिक्षाने पाठवतो. बसवायचा मात्र सरांनीच.

"मोहसीन, मी आयुष्यात दिवासुद्धा बदललेला नाही."

"सहा स्क्रू आणि तीन प्लग आहेत, सर. बिस्मिल्ला म्हणा आणि सुरू करा. फक्त, मेन प्लग काढल्यावर लगेच आत हात घालू नका. दहा मिनिटं करंट भरून राहतो त्याच्यात. आणि तुमच्या हॉलला अर्थिंग नाही, मी दोन वर्षं बोलतोय."

त्या 'फक्त'नंतर आलेले सारेच कृष्णकांतांना मृत्युलेखासारखे वाटले. विजेविषयी त्यांनी पुष्कळ वाचले होते. तिला ते भीत असत ते त्यामुळेच. अज्ञानी माणूस विजेला हात लावून मरतो, विद्वान हात लावण्यापूर्वीच अर्धा मेलेला असतो.

नवा सप्लाय आला. एका पत्र्याच्या पेटीत बसलेले, निरुपद्रवी दिसणारे ते संकट कृष्णकांतांनी दोन बोटांनी उचलून टेबलावर ठेवले. मेन प्लग काढला आणि दहाऐवजी चाळीस मिनिटे वाट पाहिली. तेवढ्यात पायांत रबरी चपला चढवल्या, दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि कोणत्या कपाटाची किल्ली कोठे आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ती पेपरवेटखाली ठेवली. सभागृह झाडणारी वेणू हे सगळे न्याहाळत होती. ती गेली आणि जळमटे काढायचा बांबू घेऊन आली.

"तुमी बिनघोर करा, सर. चिकटलात तर मी हाय."

"तू काय करणार?"

"हाणनार. लाकडानं हाणल्याबिगर सुटत नाय मानूस. आमच्या दिराला असाच सोडवला."

"तो कसा आहे आता?"

"हात मोडला," वेणू म्हणाली, "पन हाय."

पुढचा पाऊण तास कृष्णकांतांना दोन भयांच्या मध्ये काढावा लागला. समोर मिक्सर होता, आणि पाठीमागे वेणू, बांबू दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत उचललेली, त्यांच्या प्रत्येक शहाऱ्याकडे आशेने पाहणारी. त्यांना शिंक आली तीही त्यांनी गिळली. अखेरीस जुनी पेटी निघाली, नवी बसली, तिन्ही प्लग आपापल्या जागी गेले. डोळे मिटून त्यांनी बटण दाबले आणि हिरवा दिवा लागला. स्पीकरमध्ये घरघर नव्हती. इतकी निर्मळ शांतता त्या सभागृहात महिन्याभरात कोणी ऐकली नव्हती. वेणूने बांबू भिंतीला टेकवला, जरा नाराजीनेच.

साडेचारला दाजी आले. मिठागरे विकून उलव्याला इमारती उभारणारा हा पांढराशुभ्र गृहस्थ मिक्सरच्या पाठीकडे पाहून थबकला.

"मास्तर, आयची पाटी कुठं हाय?"

पाटी जुन्या पेटीच्या झाकणावर राहिली होती. मिक्सर दाजींनीच पूर्वी कधीतरी दान दिलेला होता; 'कै. हौसाबाई यांच्या स्मरणार्थ' ही पितळी पाटी मात्र त्यांनी गेल्या महिन्यात, स्वतःच्या हाताने बसवली होती. मिक्सर चालवणारा मंचाकडे तोंड करून बसतो, म्हणून मिक्सरची पाठ मंचाला दिसते. आणि मंचावर दाजी बसतात. आपल्याकडे दान कोणाला उपयोगी पडते हा प्रश्न दुय्यम असतो. ते दात्याच्या खुर्चीवरून वाचता आले पाहिजे.

कृष्णकांतांनी मिक्सर बंद करून पाटी लावू, असे सुचवून पाहिले. भजनी मंडळी माइक तपासत होती. दाजींनी ऐकले नाही. "वाजतोय तर वाजू दे. आयची पाटी मीच लावनार."

पहिला स्क्रू करंगळीएवढा लांब होता. तो नव्या पेटीच्या पत्र्यात शिरू लागताच स्पीकरमधून ती ओळखीची घरघर उमटली आणि कृष्णकांत एक पाऊल पुढे आले. थांबा, असे म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, पण अध्यक्षांना थांबवण्याची सवय त्या तोंडाला नव्हती. दाजींनी दुसरा स्क्रू लावला, पिळला आणि अकस्मात ताठ झाले. डोळे विस्फारले. स्क्रूड्रायव्हर हातातून सुटेना.

दुपारपासून वाट पाहणाऱ्या वेणूने बांबू उचलला.

तो आवाज माइकने टिपला आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवला. दाजी खाली बसले. कृष्णकांतांनी झेप घेऊन, पिशव्यांविनाच, प्लग उपटला. आणि मोहसीनला फोन लावून पाटीची हकीकत सांगितली.

"स्क्रू केवढे आहेत, सर?" त्याने विचारले. माप कळताच निदान आले. "मग आत करंटला टेकले ते. पहिला सप्लाय पण त्या पाटीनंच मारला असणार. स्क्रू काढा, चालेल."

आता हे सांगायचे होते. अध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावाने यंत्राचा जीव घेतला, हे विधान कोणत्या शब्दांत मांडले असता पुस्तकांची खोली वाचेल, याचा कृष्णकांत विचार करू लागले. वेणू बांबू पाठीमागे लपवून उभी होती. दाजी कोपर चोळत तिच्याकडे पाहत राहिले.

"आय कधी बटनाला हात नाय लावली," ते हळूच म्हणाले. "काठीनं दाबायची. लय भ्यायची करंटला. आनि मी तिचं नाव करंटवर ठोकला." त्यांनी डोळे पुसले. "तिनंच हाणला मला. काढा ती पाटी. करंट नसंल अशी जागा बघा, मास्तर."

कृष्णकांतांना अशी एकच जागा ठाऊक होती.

कार्यक्रम पाचला सुरू झाला आणि आवाज शेवटपर्यंत बसला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी चढली. आईचे नाव असलेल्या खोलीत खुर्च्या रचू देणारा मुलगा पनवेलमध्ये जन्माला यायचा होता. चाळीस वर्षांच्या ग्रंथसेवेला जे जमले नाही, ते अक्षरओळख नसलेल्या एका बाईच्या नावाने आणि दोन लांब स्क्रूंनी करून दाखवले.

ते स्क्रू कृष्णकांतांनी स्वतः पिळले. दार सागवानी होते आणि दहा हातांच्या अंतरात विजेची एकही तार नव्हती. तरी त्यांनी रबरी चपला घातल्या होत्या, आणि वेणूला मागे उभे राहायला सांगितले होते, बांबूशिवाय.

ती बांबू घेऊनच आली.