जिन्सीबाईंची सनद प्लास्टिकाबाहेर काढल्याची हकीकत

सनदेच्या मागच्या अंगास, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कागद आणि प्लास्टिक यांच्या दरम्यान हवेचा एक बुडबुडा होता. रुंदी दीड मिलिमीटर, आकार मोहरीचा, रंग कोणताही नाही. आठ वर्षे तो तेथे मुक्काम करून होता आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. पुढे जे युद्ध जाहले त्यात इस्त्रीसारख्या मातबर सरदाराची शिकस्त होऊन अखेर याच बुडबुड्याच्या वाटेने फौज आत शिरली, सबब त्याचे नाव सर्वांआधी लिहिले. बाकी जे घडले ते क्रमाने लिहितो, पदरचे काही घालत नाही.

मीनच्चिल नदीच्या काठी, पाला शहरापासून दोन कोसांवर, रबराच्या झाडांच्या सावलीत राजश्री औसेप्पच्चन नांदत होते, आणि त्यांच्या कुटुंब मातुश्री अच्चाम्मा, आणि उभयतांची कन्या श्रीमंत जिन्सीबाई, बी.एस्सी. नर्सिंग, अतिदक्षता विभागाच्या सरनोबत. जिन्सीबाईंनी तीन वर्षे परीक्षा दिल्या आणि मुलाखती दिल्या आणि मग मस्कतच्या एका इस्पितळाचे बोलावणे आले. त्यात कलम असे की, वयाची तीस वर्षे भरण्याआधी करार व्हावा. भरल्यास बोलावणे रद्द. तीस भरण्यास एकोणीस दिवस उरले होते. करारास पदवीची सनद हवी आणि सनदेच्या पाठीवर सरकारी शिक्का हवा, आणि तो येत्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत न पडल्यास जागा यादीतल्या पुढच्या बाईस जाईल, असा खलिता एर्नाकुलमचे दलाल बाबीच्चन यांनी व्हॉट्सअॅपमार्फत रवाना केला, आणि खाली हात जोडल्याची दोन चित्रे लावली.

आता सनदेभोवती प्लास्टिकाचा कोट कोणी बांधला, तेही सांगणे प्राप्त आहे. सन एकोणीसशे एक्याण्णवात औसेप्पच्चन यांस दुबईस क्रेन चालवण्याची नोकरी मिळाली होती. त्यांनी दहावीच्या दाखल्याचे पुस्तक काढण्यास ट्रंक उघडली, तो वाळवीने पुठ्ठ्याखेरीज सर्व मुलूख काबीज केलेला. दुबई राहिली आणि ते रबराच्या झाडांस चिकासाठी चिरा देत राहिले. तेव्हापासून अच्चाम्मांनी वाळवीविरुद्ध जन्माचे वैर धरले. पाल्यास लॅमिनेशनचे दुकान निघताच त्यांनी प्रथम रेशनकार्ड, मग बाप्तिस्म्याचे दाखले, मग विजेचे चालू बिल, अशी एकेक ठाणी प्लास्टिकाच्या बंदोबस्ताखाली आणली. औसेप्पच्चन यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठीही कोटात गेली, आणि डॉक्टरांस तीवर काही लिहिता येईना, म्हणून दोन वर्षे गोळीचे प्रमाण बदलले नाही. कन्येची पदवी घरी आली त्याच दिवशी, आशीर्वाद होण्यापूर्वी, अच्चाम्मा ती घेऊन पाल्याच्या बसमध्ये बसल्या होत्या.

सोमवारी पहाटेच्या बसने जिन्सीबाई मातुश्रींसह कोचीवर चालून गेल्या. तेथे दस्तऐवज साक्षांकनाची एक कचेरी आहे, तिचे नाव या बखरीत घालण्याची परवानगी नाही. अडीच घटका रांगेत उभे राहून त्या तिसऱ्या खिडकीस भिडल्या. खिडकीवर कारकून शीबाबाई होत्या. त्यांनी सनद हाती घेतली आणि उलटी केली आणि नखाने टकटक वाजवून पाहिली.

"हे लॅमिनेट केलंय."

"हो मॅडम. आईनं."

"मग मी शिक्का कुठे मारू? प्लास्टिकवर शाई थांबत नाही. तुम्ही बसस्टँडला पोचायच्या आत पुसली जाईल."

"एखाद्या कोपऱ्यात मारा ना."

"कोपरापण प्लास्टिकचाच आहे."

अच्चाम्मा पुढे सरसावून म्हणाल्या, "पोरी, चांगलं जाड घेतलंय हो मी. हलकं नाही."

"तेच तर, अम्मच्ची."

रांगेतून एक दाढीवाले गृहस्थ मोठ्याने बोलले, "मॅडम, सगळ्यांच्या आया एकाच दुकानात जातात काय हो?" त्यासरशी मागच्या सात जणांनी आपापल्या पिशव्या पोटाशी धरल्या. मग शीबाबाईंनी फर्मान काढले की लॅमिनेट केलेला कागद घेऊ नये असा नियम आहे, नवी प्रत विद्यापीठातून आणावी, त्यास चार महिने लागतात, पुढचा कोण आहे त्याने यावे. याप्रमाणे पहिल्या स्वारीत पराभव होऊन फौज माघारी आली.

मंगळवारी घरी मसलत बसली. औसेप्पच्चन यांनी सनद खिडकीशी धरली आणि म्हणाले, "अगं अच्चाम्मा, माझं पुस्तक वाळवीनं खाल्लं. हिची पदवी तू प्लास्टिकला खाऊ घातलीस."

"वाळवीपेक्षा बरं. निदान दिसतेय तरी."

"दिसतेय. मत्स्यालयातला मासापण दिसतो."

जिन्सीबाईंनी दोघांसही गप्प राहण्याचा हुकूम दिला आणि तजवीज मांडली की, मूळ सनदेस हात लावण्यापूर्वी प्रयोग दुसऱ्या कागदावर व्हावा. घरात प्लास्टिकबंद कागदांस तोटा नव्हता. रविवारच्या शाळेतील बायबल प्रश्नमंजुषेचे सन दोन हजार चारचे प्रमाणपत्र, तृतीय क्रमांक, हे आघाडीस पाठवण्यात आले. त्यावर सुती कापड घालून इस्त्री फिरवली, आणि प्लास्टिक सुटले खरे, परंतु जाताना सर्व अक्षरे सोबत घेऊन गेले. कागदावर केवळ 'तृतीय' एवढा शब्द रणांगणी उभा राहिला.

"तिसराच नंबर होता," औसेप्पच्चन म्हणाले. "जाऊ दे."

जिन्सीबाईंनी वहीत कारण लिहिले. आतला डिंक ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो. छपाईची शाई सुटण्यास त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. दोहोंच्या मध्ये वाट आहे, परंतु इस्त्री ती ओलांडून थेट पलीकडे जाते. म्हणजे असा अग्नी हवा जो डिंकास वितळवील आणि शाईपाशी थांबेल. असा अग्नी कोठे मिळतो, हे वहीत लिहिले नव्हते.

अच्चाम्मा दाराशी उभ्या होत्या. सोमवारपासून त्या धड जेवल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पाणी उकळत ठेव. त्यावर स्टीलचं ताट पालथं घाल. पाणी कितीही उकळलं तरी शंभराच्या वर जात नाही. सातवीत असताना तूच घोकत बसायचीस, माझं डोकं उठायचं."

जिन्सीबाईंनी मातुश्रींकडे पाहिले.

"आणि मी सांगीपर्यंत हात लावायचा नाही," अच्चाम्मा म्हणाल्या. "कड आपणहून उचलली की मगच. घाई केली की तव्यावरचा अप्पम फाटतो."

अशा रीतीने सरसेनापतिपद त्याच हातांकडे गेले, ज्यांनी कोट बांधला होता.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात मोर्चे लागले. पंखा बंद. खिडक्या बंद. औसेप्पच्चन यांची नेमणूक ताट हलू न देण्यावर. प्रथम रक्तदाबाची चिठ्ठी ताटावर चढली आणि बारा मिनिटांत अक्षरासकट सुखरूप बाहेर आली, आणि औसेप्पच्चन यांनी ती दोन वर्षांनी हातात घेऊन वाचली आणि विचारले, "हे रोज अर्धी गोळी म्हणतात का दीड?" त्यास उत्तर देण्याची वेळ नव्हती. सनद ताटावर पालथी निजवण्यात आली होती.

मग तो मोहरीएवढा बुडबुडा गरम होऊन फुगला आणि मसुराएवढा जाहला आणि त्याच्या जोरावर कोपऱ्याची कड केसभर वर उचलली गेली. जिन्सीबाईंचा हात पुढे झाला.

"नको," अच्चाम्मा म्हणाल्या.

कड गव्हाच्या दाण्याएवढी वर आली.

"आई, सुटतंय."

"सुटू दे. आपणहून."

कड बोटभर मोकळी झाली, तेव्हा मातुश्रींनी मान हलवली. जिन्सीबाईंनी टाके काढण्याचा चिमटा भगदाडात घातला, आणि अच्चाम्मांनी अप्पम काढताना मनगट वळते तसे मनगट वळवले, आणि सत्तेचाळीस मिनिटांत मागचा सबंध पडदा एकसंध उतरला. खालून कागद निघाला, किंचित पिवळा, परंतु कागद. औसेप्पच्चन यांनी ताट सोडून टाळी वाजवली आणि त्यांस तत्काळ ठाण्यावर परत पाठवण्यात आले.

मग पुढच्या अंगावर चाल केली. पुढे विद्यापीठाची सोनेरी मुद्रा होती. प्लास्टिक अर्धा इंच उचलले, तोच सोन्याची एक कणी त्याबरोबर उठू लागली. अच्चाम्मांनी तळवा आडवा धरला. "बस. आता नाही." जिन्सीबाईंनी उचललेले पुन्हा दाबले आणि फौज मागे घेतली. जिंकलेला मुलूख सोडून द्यावा लागतो हे दुःख थोर आहे, परंतु मुद्रा वाचली.

औसेप्पच्चन यांनी सनद दोन्हीकडून पाहून निर्वाळा दिला, "पुढून शर्ट घातलाय, मागून उघडा."

शुक्रवारी साडेदहास फौज पुन्हा तिसऱ्या खिडकीस भिडली. शीबाबाईंनी सनद उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"हे लॅमिनेट आहे की नाही?"

"मागून नाही, मॅडम."

"आणि पुढून?"

"पुढून आहे."

"नियमात पुढून-मागून असं काही नाही हो. लॅमिनेट आहे की नाही, एवढंच आहे."

सबब प्रकरण शिरस्तेदार पंकजाक्षन यांच्या मेजावर गेले. त्यांनी बत्तीस वर्षांच्या चाकरीत अर्धे लॅमिनेट केलेले काही पाहिले नव्हते. त्यांनी नियमाचे पुस्तक काढले आणि चष्मा पुसला आणि पुस्तक ठेवून दिले, आणि म्हणाले की हे हुजुरांकडे पेश करावे. हुजूर, म्हणजे विभागाचे अधिकारी गिरिजावल्लभन साहेब, बैठकीत होते. बैठक संपली तेव्हा भोजनाचा समय जाहला, आणि भोजन संपले तेव्हा दुसरी बैठक लागली. बाबीच्चन यांचे पाच खलिते आले, पाचव्यात हात जोडलेले नव्हते. जिन्सीबाई बाकावर ताठ बसून भिंतीवरचे घड्याळ पाहत होत्या आणि अच्चाम्मा कन्येकडे पाहत होत्या.

"मोळे, माझ्या पोरी," अच्चाम्मा हळूच म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, निदान तुझं तरी कोणी खाऊ नये."

"माहीत आहे, आई."

साडेतीनास हुजुरांपुढे बोलावणे जाहले. साहेबांनी सनद हाती धरली आणि मागच्या कागदावर अंगठा फिरवला.

"हे कोणी सोडवलं?"

"मी," अच्चाम्मा म्हणाल्या. "लावलंही मीच होतं."

"कसं सोडवलं?"

"अप्पम काढतात तसं."

"मग पुढचं का नाही काढलं?"

"सोनं निघत होतं. थांबले."

शिरस्तेदार नियमाचे पुस्तक छातीशी धरून उभे होते आणि शीबाबाई शिक्का आणि शाईची गादी घेऊन दारात उभ्या होत्या. घड्याळात तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे जाहली. मग साहेबांनी सनद मेजावर पालथी ठेवली.

"एक अट आहे, अम्मच्ची. शिक्का पडल्यावर घरी नेऊन पुन्हा प्लास्टिक चढवायचं नाही. मला शब्द द्या."

अच्चाम्मांनी सनदेकडे पाहिले आणि कचेरीच्या लाकडी कपाटाकडे पाहिले, ज्याचा खालचा पाय वाळवीने अर्धा खाल्ला होता. एक मिनिट गेले. औसेप्पच्चन तेथे असते तर निश्चित काही बोलले असते.

"नाही चढवणार," अच्चाम्मा म्हणाल्या.

येणेप्रमाणे अर्धा कोट शत्रूकडे आणि अर्धा आपल्याकडे असता, एकही अक्षर न गमावता आणि सोन्याची एकही कणी न सांडता, शुक्रवारी दिवसाच्या चौथ्या प्रहरी, खिडकी बंद होण्यास सतरा मिनिटे बाकी राहून, मोहीम फत्ते जाहली. ती या शब्दांनी, जे गिरिजावल्लभन साहेबांनी दाराकडे वळून मोठ्याने उच्चारले:

"शीबा, मार शिक्का. कागदाला पाठ आहे."