वहाळातली राहुटी

श्रीसमुद्र प्रसन्न. पाऊस लिहवितो, लिहिणार भिजत लिहितो. उणेअधिक वाचणारांनी सांभाळून घ्यावे. शके सत्राशे बारा, साधारण नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यात वर्तले ते ऐसे जे:

त्या राज्याची चाल होती की राजाचे लेकरास पाच वर्षे पुरी झाली म्हणजे आईबापांनी हुजरे, कुणबिणी मागे ठेवून दूरचे बेटावर तीन दिवस राहुटीत राहावे, आपले हाताने रांधावे आणि पोरांस पाऊस सोसावयास शिकवावे. त्याप्रमाणे रायाजीराव महाराज, उमाऊ राणीसाहेब, पाच वर्षांची ठकूताई आणि तीन वर्षांचे भानजीराजे धाकू तांडेलाचे होडीतून बेटावर उतरले. उतरले तो पाऊस ऐसा की आभाळ फाटले, ठिगळ लावणार कोण?

आता राणीसाहेबांचे अंतरीचे दुःख सांगतो. वर्षभर पोरांस न्हाऊ घालावे, काढे पाजावे, हट्ट सोसावे राणीसाहेबांनी. महाराजांनी दरबारातून यावे आणि गालगुच्चा घेऊन जावे. आणि बेटावर काय झाले? महाराजांनी राहुटी मांडिली, ओल्या लाकडांचा जाळ पेटविला, कातळातल्या नांगीवाल्या कुर्ल्या धरिल्या, भानजीस पाठीवर घेऊन घोडा जाहले, आणि मग पोरांचे तोंडी आबासाहेबांवाचून दुसरे नाव नाही. आऊसाहेब भात भरवू गेल्या, तो ठकूताई वदली की आबासाहेबच भरवोत. राणीसाहेबांचे तळपायाची आग मस्तकी गेली. म्हणो लागल्या, दूध तापवावे आम्ही आणि साय खावी यांनी! खरे सांगावे तर सवतीवर कोणी जळत नाही इतक्या आपले नवऱ्यावर जळल्या.

मग दुसरे दिवशी हट्टाने बोलिल्या की आज राहुटी उपटून नव्या जागी आम्ही मांडू, कोणी हात लावू नये. पोरे महाराजांसंगे शिंपल्या वेचीत होती, तोवर मऊ वाळूची सपाट जागा निवडिली. तांडेल म्हणाला की बाईसाहेब, हा वहाळ आहे, डोंगरचे पाणी याच वाटेने समुद्रास जाते. राणीसाहेबांस वाटले, हाही महाराजांचेच पक्षाचा; आणि त्यास होडी राखावयास पिटाळिले. मग मेखा ठोकिल्या, दोर ताणिले, पोरांनी येऊन टाळ्या पिटिल्या, आणि राणीसाहेबांस दोन घटका स्वर्ग ठेंगणा झाला.

मग डोंगरावर सर कोसळली आणि वहाळास लोंढा आला. मेखा उपटल्या, राहुटी आडवी झाली, घोंगड्या, पातेली, ठकूताईची बाहुली समुद्रास मिळाली. महाराजांनी दोन्ही पोरे काखेत मारून कातळाचे आडोशास नेली; तांडेलही होडी सोडून तेथे धावत आला. ठकूताई बाहुलीसाठी रडो लागली आणि विचारो लागली की ऐसी जागा निवडिली कोणी. महाराजांनी राणीसाहेबांचे उतरलेले तोंड पाहिले आणि बोलिले, "बाळ, जागा आम्ही दाखविली. चूक आमची." भानजीने लगेच आबासाहेबांचे गळ्यास मिठी घातली.

हे पाहून राणीसाहेबांची लाज मागे पडली आणि मत्सर पुढे आला. आमची चूकसुद्धा यांनी लुबाडावी, आणि तिचेही कौतुक यांनीच घ्यावे? चिंब लुगड्यानिशी पुढे होऊन बोलिल्या, "जागा आम्ही निवडिली. तांडेल नको म्हणत होता, तरी निवडिली. चूक आमची, यांची नव्हे."

ठकूताईने रडे थांबवून बापाकडे पाहिले.

"म्हणजे आबासाहेब, आपण लटके बोललात?"

मग ठकूताई उठली आणि आऊसाहेबांचे ओल्या मांडीवर जाऊन बसली, आणि मागोमाग भानजीही सरकत तिकडेच गेला.

तांडेलाचे तोंडून ऐकिले तैसे लिहिले. सारांश, त्या मोहिमेत राहुटी गेली, भांडी गेली, बाहुली गेली, आणि राणीसाहेबांची फत्ते झाली. महाराज कातळाचे कडेस एकटे बसून मायलेकरांकडे पाहत राहिले, आणि आता जळण्याची पाळी त्यांची होती.