छप्पन्न किलोंचा फेरफार

दोष आमच्या अण्णांचा. त्यांनी पोट कापून लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं, सात महिन्यांत छप्पन्न किलो वजन उतरवलं, आणि ते कोणाच्या नावावर करायचं हे आधी ठरवलं नाही.

अण्णा म्हणजे निवृत्त केंद्रप्रमुख वसंतराव शेवाळे. तालुक्यातल्या मास्तरांना बत्तीस वर्षं त्यांनी नियोजन शिकवलं. दवाखान्याच्या फॉर्मवर स्वच्छ प्रश्न होता, 'उतरलेले वजन कोण स्वीकारणार?' अण्णांनी त्यापुढे 'लागू नाही' असं लिहिलं आणि खाली सुंदर अक्षरात सही केली.

तेव्हापासून ते वजन आमच्या सोप्यात दिवाणावर बसून होतं. दिसायचं नाही, पण दिवाण मधोमध खाली गेलेला असायचा आणि कडेला कोणी टेकलं की घसरत मधे जायचं. कमल आत्या आली ती सवयीने दिवाणाच्याच पाया पडली. मग अण्णांकडे लक्ष गेल्यावर म्हणाली, "अगं बाई, तू इथं होय रे दादा!"

आत्या आली होती वजन नोंदणी कार्यालयाच्या नोटिशीमुळे. पंधरा दिवसांत घेणाऱ्याचं नाव कळवा, नाहीतर वजन मूळ धारकाकडे परत जाईल, असं त्या नोटिशीत होतं. मूळ धारक घाबरून गेले होते. बारा वर्षांनी ते जमिनीवर मांडी घालून बसायला लागले होते. स्कूटर त्यांना घेऊन चढावर जात होती. दवाखान्यातून दर महिन्याला जीवनमानाची प्रश्नावली यायची, पाचपैकी गुण द्यायचे. पायाची बोटं दिसतात का? पाच. रात्री घोरणं थांबलं का? ह्याचे गुण आईने दिले. तेही पाच.

मग बैठक झाली. आईने शिरा केला. अण्णांनी दोन चमचे खाल्ले, प्रत्येक घास तीस वेळा चावून. त्यांच्या ताटात उरलेला नेहमीप्रमाणे आईने संपवला. वजन घेण्यासाठी आईचं नाव कोणी काढलं नाही. अण्णांच्या ताटातलं संपवून संपवून तिने आधीच बावीस किलो विनानोंद घेतले होते.

आत्याने पिशवीतून हक्कसोडपत्र काढलं. स्टॅम्पपेपरवर, टाइप करून आणलेलं. हीच आत्या विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांसाठी अण्णांशी अकरा वर्षं कोर्टात भांडली होती.

"भावाचं मला काही नको," ती डोळ्याला पदर लावून म्हणाली. "एका साडीचोळीवर मी समाधानी आहे." आणि शिरा परत घेतला.

जयवंततात्या अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनी गुडघ्यांचे एक्स-रे आणले होते. ते सगळ्यांना उजेडाकडे धरून दाखवले आणि त्यांनीही हक्क सोडला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हर्षद. इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण ते मला कधी घ्यायचंच नव्हतं, अण्णांना घ्यायचं होतं. पोलीस भरतीची तयारी करत होतो. वजन चौसष्ट. सोळाशे मीटर पाच मिनिटं चार सेकंद, म्हणजे वीसपैकी वीस. मैदानी चाचणी एकवीस तारखेला होती.

"ह्याचं नाव घाला," तात्या म्हणाले. "ह्याला काय काम आहे?"

"मी पळतो, तात्या."

"तेच म्हणतोय. पळून पळून उतरेल."

"नोंदीचं वजन पळून उतरत नाही. फेरफारानेच उतरतं. नोटिशीच्या मागं छापलंय."

"एवढं कळतं तर इंजिनीअरिंग का सोडलंस?"

यावर आत्या म्हणाली, "बघा!" काय बघायचं ते कोणी विचारलं नाही.

"हर्षद," अण्णा केंद्रप्रमुखाच्या आवाजात म्हणाले, "मी तुझ्यावर सक्ती करणार नाही." मग त्यांनी अर्जात माझं नाव लिहिलं.

मी हरकत घ्यायचं ठरवलं. सोमवारी अण्णांच्या आधी नोंदणी कार्यालयात जाऊन बसलो. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा पुसला.

"हरकत घेता येते," ते म्हणाले. "पण मग दुसरं नाव नाही. सगळ्यांची हक्कसोड आलीय. वजन आजच्या तारखेनं वडलांकडे परत. संध्याकाळपर्यंत पोचतं."

"घाला हरकत."

"लेखी द्या."

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या एकदम. मला वाटलं कोणीतरी पोरगं असेल. अण्णा होते. दम लागला नव्हता. वरच्या पायरीवर थांबले, खाली वाकले आणि बुटाची सुटलेली नाडी स्वतः बांधली. बारा वर्षं ती आई बांधायची, आई नसली की मी. गाठ घट्ट बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलं होतं.

बूट माझे होते. पळायचे.

"तुझे घातले," अण्णा म्हणाले. "माझा पाय एका नंबरनं उतरलाय. माझे ढिले होतात."

भाऊसाहेबांनी हात पुढे केला. "हरकत?"

"नाही," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला आजही विचारू नका.

"छान. तरुणाच्या नावावर वजन बसतंही चांगलं," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. माझ्याखालचं स्टूल मोडलं. भाऊसाहेबांनी दुसरं, लोखंडी, पुढे सरकवलं. ते त्याच कामासाठी ठेवलेलं होतं. आईचा फोन आला.

"अरे, दिवाण वर आला रे आपोआप!" मग म्हणाली, "जेवायला येतोस ना?"

आता अण्णा रोज सकाळी सहाला माझ्या बुटांत मैदानावर जातात. बूट परत मागण्यात अर्थ नाही, माझा पाय त्यात जात नाही. तिथल्या पोरांना ते सांगतात, "आमचा हर्षद जरा सुस्त आहे. माझ्यावर नाही गेला." तात्या भेटले की पोटावर चापट मारून म्हणतात, "पळायचं सोडलंस वाटतं!" आत्याने दिवाळीला साडीचोळी नेली. प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न होता, एकूण जीवनमान कसे वाटते? अण्णांनी पाच लिहिले आणि पाचाखाली दोन रेघा मारल्या.

एकवीस तारखेला मी मैदानावर गेलो. गोळाफेकीत पंधरापैकी पंधरा मिळाले. सोळाशे मीटरला नऊ मिनिटं एकोणीस सेकंद लागले. वीसपैकी शून्य.