राजा, जहाज आणि खुर्ची

वरच्या मजल्यावरच्या साहेबा, तू आधी लोकांच्या तोंडातला शब्द काढून घेतलास आणि मग त्यांच्या बुडाखालची खुर्ची. दोन्ही दिवसाढवळ्या, दोन्ही नियमानुसार. कसं, ते आता सगळ्यांसमोर ऐक.

ज्याचं कूळ ठाऊक नाही असा शब्द तोंडी घेऊ नये, हे तत्त्व थोर आहे आणि या कचेरीनं ते सर्वांआधी ओळखलं. पाहणीत आढळलं की कर्मचारी सकाळच्या ‘ब्रश’पासून रात्रीच्या ‘लाइट’पर्यंत इंग्रजी शब्द बिनदिक्कत वापरतात आणि शंभरातल्या एकशेचार जणांना त्यांचं मूळ सांगता येत नाही. (वरचे चार जण पाहणी करणारे.) म्हणून मूळ-समिती नेमली गेली. नियम झाला: रजा हवी असेल त्यानं समितीपुढं एका इंग्रजी शब्दाचं मूळ सांगावं. पटलं तर रजा. न पटलं तर शब्दासकट कामावर परत.

समितीत तिघं होते. एक साहेब. दुसरे साहेबांचे मेहुणे, जे भाषातज्ज्ञ होते, कारण परदेशी विमानतळावर ते एकदा अख्खा दिवस अडकून पडले होते. तिसरे हिशेबनीस, मान हलवायला.

टपाल बघणाऱ्या बाईला सगळी कचेरी ‘टाचणी’ म्हणायची. बोलणं टोचायचं, पण ती नसली की दोन कागद एका जागी राहत नसत. तिच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. आई नव्हती. बहिणीचा नवरा माणूस भला, पण रक्त दिसलं की आधी तोच आडवा व्हायचा. “मी असेन,” असं टाचणीनं बहिणीला वचन दिलं होतं.

ती कामाला चोख, म्हणून जाडजूड शब्दकोश चाळून समितीपुढं गेली.

“विंडो,” ती म्हणाली. “मूळ अर्थ, वाऱ्याचा डोळा.”

समितीत हशा पिकला. “वाऱ्याला डोळा?” साहेब म्हणाले. “बाई, उद्या वाऱ्याला चष्मा लावाल! नामंजूर.”

पुढच्या खेपेला तिनं ‘मसल’ नेला. “दंडाचा स्नायू कातडीखाली उंदरासारखा पळतो ना, म्हणून त्याचं नाव पडलं छोटा उंदीर.”

मेहुणे रोज वजनं उचलत. त्यांनी बाही सावरली. “माझ्या दंडात उंदीर? बाई, जरा विचार करून बोलत जा!”

नामंजूर, वर ताकीद.

त्याच दिवशी ड्रायव्हर शिटी वाजवत समितीच्या खोलीतून बाहेर आला. आठवडाभराची रजा! त्यानं सांगितलेलं मूळ असं: फार पूर्वी टे नावाचा राजा होता. लढाईच्या धामधुमीत त्याला जेवायला जागा मिळेना, म्हणून तो आपल्या बैलाच्या पाठीवर ताट ठेवून जेवी. टेचा बुल. तेच आपलं टेबल. ऐकून हिशेबनिसांचे डोळे पाणावले होते म्हणे.

“कुठल्या पुस्तकात सापडलं हो?” टाचणीनं विचारलं.

“पुस्तकात कशाला? जिन्यात सुचलं,” ड्रायव्हर म्हणाला. “टाचणीबाई, तुमचं काय चुकतं सांगू? तुम्ही खरं सांगता. खऱ्यात राजा नसतो, जहाज नसतं. त्यांनी पटवून तरी काय घ्यायचं?”

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. “ताई, कधी निघतेस?”

“एक शब्द पास झाला की निघालेच.”

“अगं, तुझा शब्द आधी बाहेर येणार की माझं बाळ?”

टाचणीनं शब्दकोश मिटला आणि खिडकीत ठेवला. वाऱ्याच्या डोळ्यात.

सकाळी समितीपुढं तिनं घसा साफ केला. “चेअर. फार पूर्वी चेअर नावाचा राजा होता. एकदा तो प्रजेला घेऊन जहाजातून निघाला. वादळ झालं. प्रजेला बसता यावं म्हणून राजा सबंध प्रवास उभा राहिला. किनारा आला तेव्हा प्रजेनं त्याच्यासाठी एक आसन घडवलं आणि शपथ घेतली की यापुढं बसेल तो राजाच. आपण उभं राहायचं.”

मेहुण्यांनी नाक शिंकरलं. साहेबांनी आपल्या खुर्चीच्या हातावरून असा हात फिरवला, जसा मिळालेल्या वारशावरून फिरवतात.

रजा मंजूर झाली.

टाचणी वेळेत पोहोचली. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची. बाप ठरल्याप्रमाणे आडवा झाला. त्यालाही टाचणीनंच पाणी मारलं.

रजा संपवून ती कचेरीत परतली, तर सगळे उभे. टपाल उभ्यानं, टायपिंग उभ्यानं. म्हातारे दफ्तरदार कपाटाला टेकून डुलकी घेत होते, तीही उभ्यानं. खालच्या मजल्यावरच्या साऱ्या खुर्च्या ‘मूळ परंपरेनुसार’ गोळा करून वर नेल्या होत्या. (वर माणसं तीन. राहिलेल्या खुर्च्यांवर ते पाय ठेवत.)

“आलात का बाळंतपण आटोपून? बघा तुमच्या राजाची करणी!” ड्रायव्हर म्हणाला. सुखी तोच, गाडीत तरी बसायला मिळायचं. दफ्तरदारांनी फक्त एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासला. टाचणीला ते कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

ती तडक वर गेली. “साहेब, ती गोष्ट खोटी आहे. मी रचली. रजा हवी होती म्हणून. रजा कापा, पण खुर्च्या परत करा.”

तिघांनी आपापसांत कुजबुज केली.

“बाई,” साहेब मायेनं म्हणाले, “तुमचं हे म्हणणं समितीला पटत नाही. यात राजा कुठाय? जहाज कुठाय?”

नामंजूर.

तेव्हा साहेबा, आता तूच सांग, खालच्या खुर्च्या कधी परत येणार? आणि वाचणाऱ्या शहाण्या, तू गालात हसू नकोस. वाऱ्याचा डोळा आणि छोटा उंदीर हे शब्दकोशात छापलेलं खरं आहे. टे आणि चेअर या दोन राजांना आई-बाप नाहीत. पण तुझ्या फोनवर राजा आला, जहाज आलं की तू वाचून व्हायच्या आत दहा जणांना पुढं पाठवतोस. दफ्तरदारांचे पाय सुजलेत. त्यांची खुर्ची गेल्याची खरी गोष्ट कुणीकुणी पुढं पाठवली? बसल्या जागेवरून उठ आणि उत्तर दे.