चमकलेला आज्जा

“माणूस खोटं बोलंल, पण कागद बोलणार न्हाय! लढाईच्या वेळचा अस्सल फोटो कुठला आन् मागनं छापलेला कुठला, हे सांगणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस हाय!”

ही घोषणा भर दुपारी बारा वाजता एका गोधडीखालून झाली. गोधडीच्या एका टोकाला अमरसिंह इंगळ्यांचे पाय बाहेर आले होते आणि दुसऱ्या टोकातून निळसर उजेड झिरपत होता.

“त्या एका माणसाला म्हणावं, उठा. गोधडी धुवायची हाय,” त्यांच्या पत्नी वर्षाराणी म्हणाल्या.

अमरसिंह पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागे लागले. नऊ वर्षांत त्यांनी जुन्या बाजारातून आणि रद्दीवाल्यांकडून एकशे बारा फोटो जमवले होते. तंबूपुढचे जवान, खेचरांसोबतचे जवान आणि एका फोटोत नुसतंच खेचर. अस्सल ओळखायच्या त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. कागदाची जाडी बोटांनी बघायची, कडेला चांदीची झाक आली आहे का बघायची आणि वास घ्यायचा. वासावर त्यांची भिस्त जास्त होती.

मग फ्रेमांचं दुकान चालवणाऱ्या दिलदार मुजावरने त्यांना नोटा तपासायचा निळा दिवा आणून दिला.

“साठ सालाच्या आसपासनं कागद पांढराफेक दिसावा म्हणून त्यात औषध घालाय लागले,” दिलदार म्हणाला. “त्यो कागद ह्या दिव्याखाली निळा चमकतो. लढाईतला कागद चमकत न्हाय, गप पडून ऱ्हातो. फक्त अंधार पायजे.”

म्हणून ती गोधडी. त्या अंधारात अमरसिंहांनी एकेक करून एकशे बारा फोटो दिव्याखाली धरले. एकशे बारा चमकले. नुसतं खेचरसुद्धा चमकलं.

“दिलदार, एक तरी अस्सल पायजे रे,” संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले. “एकच. न्हायतर नऊ वर्षं मी नुसता वास घेतला असं हुईल.”

“कसबा बावड्यात विश्वजित भोसले हाय. त्याचा आज्जा ज्ञानू हवालदार इटलीत लढाईला गेलता. फोटो हाय घरात. फ्रेम माझ्या बापानंच केलती. उद्या जाऊया.”

विश्वजितने दोघांना चहा दिला आणि आधीच सांगून टाकलं, “पावणं, बघायचा तर बघा. द्यायचा न्हाय.”

फोटो देवघराशेजारी होता. हातभर उंच, रुबाबदार, छातीवर पदक. गेल्या वर्षी फ्रेमची काच फुटली, तेव्हापासून विश्वजितची बायको अनुजा दर गुरुवारी तेलात कालवलेल्या हळदीचा टिळा थेट आज्जाच्या कपाळाला लावत असे. दारं-खिडक्या लावून घेतल्या. घरातली सगळी मंडळी मागे उभी राहिली. अमरसिंहांनी श्वास रोखून दिवा लावला.

कागद लख्ख निळा चमकला. अमरसिंहांनी मनातल्या मनात एकशे तेरा मोजले. हाही मागून छापलेलाच.

पण त्यांच्या पाठीमागच्या मंडळींना काही वेगळंच दिसत होतं. निळ्या तेजात आज्जा उभा होता आणि त्याच्या कपाळावरचा टिळा पिवळाधमक पेटला होता.

“अगं आई गं!” अनुजा ओरडली. “मामंजींचं वडील आलं!”

पाऊण तासात गल्ली घरात होती. नारळ आले. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी झाली. दिवा खाली करायची सोय उरली नाही. अमरसिंहांचा हात भरून आला की मागून कुणीतरी कोपराला आधार देई.

शेवटी त्यांच्यातला जाणकार उसळला. “आवो, ऐका माझं! चमकतंय म्हणजे नकली हाय ते!”

दोन्ही रांगा त्यांच्याकडे वळल्या.

“आज्जाला नकली म्हणतोस व्हय?” विश्वजित पुढे आला. मघाचं ‘पावणं’ गेलं होतं.

“तसं न्हाय वो,” दिलदार मध्ये पडला. “आज्जा अस्सलच हाय. कागद तेवढा...”

“कागदावर आज्जाच हाय की!”

“आन् टिळा म्हणाल तर ती हळद हाय! हळद चमकतीच!” अमरसिंह म्हणाले. “वाटी आणा. दावतो.”

हळदीची वाटी आणली. दिव्याखाली धरली. वाटी झगझगून उठली. अमरसिंहांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. अनुजाने वाटीलाही हात जोडले. रांगेतल्या दोघींनी वाटीपुढे नारळ ठेवला.

इतक्यात कोपऱ्यातल्या कॉटवरून बाळाबाई उठल्या. ज्ञानू हवालदारांची लेक, विश्वजितची आत्ती, वय सत्त्याऐंशी. त्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन बोटांएवढा फोटो काढला. “ह्यो बघा बरं जरा.”

अमरसिंहांनी दिवा त्याच्यावर धरला. काही नाही. उजेड पडला आणि तिथंच विरला. कडांना चांदीची झाक. पाठीमागे पुसट शिक्का आणि पेन्सिलीने सन १९४४. सवयीने त्यांनी वासही घेतला.

“विझला की,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“ह्यो नकली,” विश्वजितने निकाल दिला. “आत्ती, दिऊन टाक पावण्यांना. त्यास्नी नकलीचाच नाद हाय. आपला खरा आज्जा हितं चमकतोय.”

बाळाबाईंनी मान डोलावली. फोटो अमरसिंहांच्या तळहातावर आला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला, रुमाल वरच्या खिशात ठेवला आणि कुणाचं मन बदलायच्या आत चपला शोधल्या. दिलदारने स्कूटर सुरू केली. बसायचं तेवढं बाकी होतं. पण अमरसिंहांचा पाय काही उचलेना. दारापर्यंत सोडायला आलेल्या म्हातारीकडे ते वळले.

“आजी, खोटं बोलवत न्हाय. अस्सल ह्योच हाय. भितीवरचा मागनं छापलाय. ह्यो तुमच्याकडंच ठेवा.”

दिलदारने कपाळावर हात मारला.

“म्हाईत हाय की मला,” बाळाबाई म्हणाल्या. “आबांनी पाकिटातनं धाडलता. आईनं ह्यो दावून दावूनच मला बाप शिकवला.”

“मग मला का देताय?”

“अस्सल हाय, पण केवढासा हाय! धा वर्षं झाली, आबांचं तोंड दिसत न्हाय मला त्यात. आन् भितीवरच्याचं तोंड आता हळदीनं बरबटणार.” त्यांनी अमरसिंहांच्या खिशावर हलकेच बोट टेकवलं. “तुमास्नी फोटोतलं कळतंय म्हणून सांगते. ह्याची एक झेरॉक्स काढून धाडा. मोठी काढा.”