जावयाच्या हातात झाडू

शिक्षा व्हायची ती झाली, पण ती सासुरवाडीत भोगायची वेळ यावी, आणि तीही ऐन धोंड्याच्या महिन्यात, हे मात्र उमाशंकरचं नशीबच फुटकं.

ढोकीला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस तसा सरळ. पण सासुरवाडीला, माकणीत, मेहुण्याच्या वरातीत दोस्तांनी त्याला नको ते पाजलं आणि हा पठ्ठ्या थांब्यावरच्या एसटीपुढं आडवा पडून नागीण डान्स करू लागला. गाडी अडली, प्रवासी उतरले, पोलीस आले. कोर्टानं कोठडीऐवजी समाजसेवा दिली. आठ दिवस रोज सकाळी तोच थांबा आणि शेजारचा बाजारतळ झाडायचा. देखरेखीला प्रोबेशन ऑफिसर वैष्णवी मॅडम. त्यांचा अहवाल चांगला गेला तर सुटका, नाहीतर कोठडी आहेच.

त्याहून मोठं कोर्ट घरात होतं. बायको शिवलीला वरातीपासून माहेरीच राहिली होती. "सगळ्या गावासमोर लोळलात, आता सगळ्या गावासमोर झाडा. मगच मी ढोकीला येते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता. उमाशंकरला मनापासून लाज वाटत होती आणि मनापासून झाडायचंही होतं.

पहिल्या सकाळी त्यानं झाडूचा पहिला फटकारा मारला न मारला तोच सासरे महांतप्पा धावत आले आणि त्यांनी झाडू हिसकावून घेतला.

"जावईबापू, हे काय करायलात? धोंड्याच्या महिन्यात जावई झाडायला लागला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"मामा, कोर्टाचा हुकूम हाय."

"कोर्टाला लेकी न्हाईत का? बसा तुम्ही."

खुर्ची आली, छत्री आली. जावई एका घरचा असला तरी मान सगळ्या गावाचा. सरपंच गुंडप्पांनी स्वतः झाडू घेतला, त्यांना बघून चार जण आले. शेजारच्या कस्तुराबाईंनी तुपात बुडवलेल्या धोंड्यांचं ताट उमाशंकरच्या मांडीवर ठेवलं. बाजारतळ इतका स्वच्छ झाला की म्हशी आत यायला बिचकू लागल्या.

तिसऱ्या दिवशी वैष्णवी मॅडम स्कूटरवरून उतरल्या. घामाघूम सरपंचांना बघून त्यांना फार समाधान वाटलं.

"छान चाललंय, उमाशंकरराव. पश्चात्ताप तोंडावर दिसतोय."

"मी सरपंच हाय, मॅडम."

"मग आरोपी कुठे आहे?"

सगळ्यांनी अभिमानानं छत्रीकडं बोट दाखवलं. उमाशंकरनं ताट पाठीमागं लपवलं, पण मिशीला लागलेलं तूप तिथंच राहिलं.

"हे दिवस मी धरणार नाही," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "परवा येते. तेव्हाही ताटच दिसलं, तर तसंच लिहीन. मग कोठडी."

मॅडम गेल्यावर गाव हळहळलं, पण झाडू कुणी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी उमाशंकर तांबडं फुटायलाच गेला. कस्तुराबाई त्याच्याही आधी हजर होत्या. त्यांनी झाडायच्या जागेवरच बैठक मारली. पाठोपाठ आणखी बायका येऊन बसल्या. आता झाडणार कुठं? बायकांवरून तर झाडू फिरवता येत नाही.

उमाशंकर रडकुंडीला येऊन शिवलीलाकडं गेला. "मला खरंच झाडायचंय गं. तुझं गाव झाडू देईना."

इतक्या दिवसांत शिवलीला पहिल्यांदा हसली. "जावयाच्या हातात कुणी झाडू देत न्हाय," ती म्हणाली, "आन घरजावयाच्या हातातला कुणी काढून घेत न्हाय. उद्या बघा."

सकाळी बाजारतळावर चहा चालू होता. शिवलीला तिथं येऊन मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, ह्यांनी ढोकीला जायचं रद्द केलंय. आता हितंच ऱ्हाणार. घरजावई म्हणून."

महांतप्पांनी कप खाली ठेवला. कुणीतरी छत्री मिटली. गुंडप्पांनी झाडू टाकला, खुर्ची ओढून घेतली आणि स्वतः बसले. कस्तुराबाईंनी ताट पदराखाली घेऊन घरचा रस्ता धरला.

"मग बसलास काय रं?" महांतप्पा म्हणाले. "उन्हं डोक्यावर यायलीत. कवा झाडणार?"

जावईबापूचा 'अरे' व्हायला चहाचा एक घोट पुरला. उमाशंकर मात्र आनंदानं झाडू लागला. गाव कट्ट्यावर बसून त्याला कोपरे दाखवू लागलं. मॅडम आल्या, त्यांनी त्याचे फोड आलेले तळवे पाहिले आणि खूश झाल्या. त्यानं बुडालेले दिवसही भरून दिले. मॅडमनी अहवालात 'वर्तन अतिउत्तम' असं लिहिलं.

शेवटच्या दिवशी शिवलीला शब्दाला जागून पिशवी भरून थांब्यावर आली. दोघं एसटीची वाट बघत असताना महांतप्पा मागून आले.

"कुठं निघालास?"

"मामा, शिक्षा संपली. ते घरजावयाचं आपलं नुसतं..."

"नुसतं? सगळ्या पावण्यारावळ्यांत सांगून बसलोय म्या. पेरणी तोंडावर आलीया, दोन्ही गडी ह्या भरवशावर काढून टाकले. चल, गोठ्यातलं शेण तसंच हाय."

उमाशंकरनं बायकोकडं पाहिलं.

"मी तयार हाय यायला," शिवलीला म्हणाली. "अप्पांना न्हाय म्हणायची हिंमत तेवढी तुमी करा."

एसटी आली, थांबली आणि गेली. हिंमत काही आली नाही. दुपारी गोठ्यामागं उभं राहून, शेणानं भरलेला हात लांब धरून, उमाशंकरनं दुसऱ्या हातानं वैष्णवी मॅडमना फोन लावला.

"बोला उमाशंकरराव. तुमचा अहवाल गेला. आता तुम्ही मोकळे."

"मॅडम," तो आवाज दाबून म्हणाला, "ती कोठडी म्हणत होतात, ती पेरणी होईस्तोवर मिळंल का?"